देवाला हात असतात का, आणि त्याला वाईट वाटतं का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. तुम्ही कराडच्या, ऑफिसमधल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून त्यांच्या घरी भेटायला गेलात, तिथं पाळकांनी प्रार्थना केली की प्रभू, तुझा हात या घरावर असू दे, तुझे डोळे या लेकरांकडे लागलेले असू दे, तू रडणाऱ्यांचं ऐकतोस, तुलाही कळवळा येतो. आणि मग निघताना तोच सहकारी तुम्हाला म्हणाला की आमच्या देवाला रूप नाही, शरीर नाही, म्हणून तर आम्ही मूर्ती ठेवत नाही. तुम्ही विचारलंय की मग हात कुणाचा आणि डोळे कुणाचे. आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखी एक ओळ लिहिलीय, "शरीरच नसेल तर त्याला वाईट कसं वाटेल, का ते फक्त समजूत घालण्यापुरतं बोलायचं असतं?"

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे. हात-डोळ्यांचं उत्तर त्या मानानं सोपं, कप रिकामा होईपर्यंत सांगून होतं. पण देवाला खरंच काही वाटतं का, का आपण इकडं रडायचं आणि तिकडं कुणी हलतसुद्धा नाही, हे ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला आतून विचारायचं असतं आणि बहुतेक वेळा तो विचारत नाही, पाळकाला काय वाटेल म्हणून गप्प बसतो. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

मी पाळक आहे, २७ वर्षं झाली, त्यातली बहुतेक सांगली-मिरजेत आणि मधली चार साताऱ्याकडं. तरुणांचे शास्त्राभ्यासाचे, म्हणजे बायबलच्या अभ्यासाचे वर्ग घेतो, हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रार्थनेला जातो, अंत्यविधी तर किती केले मोजलेले नाहीत. त्यामुळं हा प्रश्न मला वर्गातही येतो आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावरही येतो, आणि दोन्हीकडं मी एकाच क्रमानं उत्तर देत नाही. वर्गात आधी शरीर मग भावना, बाकावर उलटं. खोटं कुठंच बोलत नाही, पण आधी काय हातात द्यायचं ते समोरचा माणूस बघून ठरवावं लागतं, आणि हे मला एका चुकीतून कळलं, ते पुढं सांगतो.

आणखी एक गोष्ट आधीच मान्य करतो. शरीराच्या बाबतीत रोमन कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सिरियन ख्रिस्ती, पेंटेकॉस्टल, कुणालाही विचारा, एकच सांगतील, देवाला शरीर नाही. मॉर्मन लोक तेवढे देवपित्यालाही हाडामांसाचं शरीर आहे असं शिकवतात आणि बाकीच्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, ते मान्य नाही. भावनांच्या बाबतीत मात्र आमच्या आमच्यातच आजही वाद आहे, तेव्हा तिथं मी सांगेन ते माझं मत म्हणून घ्या, शिक्का मारलेला निकाल म्हणून नको.

तर शरीर. योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर पाणी भरायला आलेल्या एका शोमरोनी बाईशी बोलतोय, तिचा वाद आहे की उपासना या डोंगरावर करायची का यरुशलेमेत, आणि तो म्हणतो "देव आत्मा आहे", म्हणजे जागेचा प्रश्नच नाही. त्याच येशूनं पुनरुत्थानानंतर घाबरलेल्या शिष्यांना सांगितलं की मला चाचपून बघा, आत्म्याला हाडमांस नसतं, मला आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की निष्कर्ष आपोआप निघतो. आणि हे नव्या करारातच आलं असंही नाही. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो की होरेब डोंगरावर अग्नीतून देव बोलला तेव्हा तुम्ही कसलीही आकृती पाहिली नाही, म्हणून कसलीही आकृती घडवू नका. तुमच्या सहकाऱ्यानं मूर्तीबद्दल जे सांगितलं ते इथून आलंय. शलमोनानं मंदिर बांधून झाल्यावर अर्पणाच्या प्रार्थनेतच म्हटलं की आकाशात तू मावत नाहीस तर मी बांधलेल्या या घरात काय मावणार. आमच्या कोल्हापूर-सांगली-मिरज पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम झालं, त्यांच्या परंपरेत १६४७ सालची एक छोटी प्रश्नोत्तरावली आहे, तिचा चौथा प्रश्न असा की देव काय आहे, आणि उत्तराची सुरुवात अशी की देव आत्मा आहे, अनंत, सार्वकालिक, न बदलणारा. लहानपणी शब्बाथ शाळेत आम्ही ते घोकलं होतं, अर्थ बराच नंतर कळला.

आता तुम्ही म्हणाल की मग शास्त्रातच पानोपानी हात, डोळे, कान, तोंड का आहे. आहेच. आणि पंखही आहेत बरं का, ९१ व्या स्तोत्रात देव आपल्या पंखांखाली आसरा देतो, पण देव पक्षी आहे असं आजवर कुणी ख्रिस्ती माणूस म्हणालेला नाही. पंख वाचताना आपण थबकत नाही, कोंबडी पिल्लांना पोटाखाली घेते ते डोळ्यापुढं येतं आणि पुढं जातो. हाताला थबकतो कारण आपल्याला हात आहेत, एवढंच.

आणि आपली मराठी बघा की. दिवसभर आपण काय बोलतो? पोरीच्या लग्नात भावाचे हात तोकडे पडले. कायद्याचे हात लांब असतात. सरकारचं जतकडं, आटपाडीकडं लक्ष नाही, सरकारनं कानात बोळे घातलेत. ऐकणाऱ्याला एका सेकंदात अर्थ कळतो, सरकारला कान कुठं असतात असं कुणी विचारत नाही. यशयाच्या ५९ व्या अध्यायात अगदी हेच आहे, परमेश्वराचा हात सोडवायला तोकडा पडलेला नाही आणि त्याचा कान जड झालेला नाही. जुन्या मराठी भाषांतरकारांनी तिथं "तोकडा" हाच शब्द घातलाय, मला तो फार आवडतो, कारण आपल्या घरातला शब्द आहे. हात म्हणजे करण्याची ताकद, डोळे म्हणजे लक्ष, कान म्हणजे दखल घेणं, मुख म्हणजे कृपा. पाळकांनी त्या घरावर हात असू दे म्हटलं तेव्हा त्यांनी मागितलं ते हेच, की तुझी ताकद इथं लागू दे.

एक उदाहरण मी दर वर्गात देतो. निर्गमाच्या ३४ व्या अध्यायात देव मोशेला आपली ओळख सांगतो, त्यात एक शब्द मराठीत "मंदक्रोध" असा आहे, म्हणजे लवकर न रागावणारा. मूळ हिब्रूत शब्दशः बघितलं तर तिथं "लांब नाकाचा" असं आहे. हिब्रूत नाक आणि राग यांना एकच शब्द, कारण रागावलेला माणूस नाकपुड्या फुगवून फुसफुस श्वास सोडतो, नाक तापतं, आणि ज्याचं नाक लांब त्याचं तापायला वेळ लागतो. आता हे मराठी माणसाला समजावायला काही कष्टच नाहीत, आपल्याकडं तापट माणसाच्या नाकाच्या शेंड्यावरच राग असतो. पोरं हसतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण त्यांना कळतं की नाकाचा अर्थ नाक नाही आणि तरीही वाक्य पोकळ नाही. देव खरोखर सहन करणारा आहे हे ते वाक्य सांगतंय, नाकाचं माप सांगत नाहीये.

जॉन कॅल्विन, सोळाव्या शतकातला सुधारक, त्यानं याला दाईची उपमा दिलीय. दाई तान्ह्या बाळाशी बोबडं बोलते, देव आपल्याशी तसं बोलतो, आपल्याला पेलेल तेवढं. आपल्याकडं आजी नातवाला म्हणते चांदोमामा झोपला, तू पण झोप. आजीला चंद्र झोपत नाही हे माहीत असतं. पण झोपायची वेळ झालीय हे खरं असतं आणि आजीची माया तर शंभर टक्के खरी असते. बोबड्या बोलण्यात खोटेपणा नसतो, वाकून उचलून घेणं असतं.

अर्थात ख्रिस्ती लोकांना हे पहिल्यापासून इतकं स्वच्छ होतं असं समजू नका. इसवी सन २०० च्या आसपास उत्तर आफ्रिकेतला तर्तुल्यन, मोठा लेखक, तो म्हणायचा की जे जे खरं आहे त्याला कसलं तरी शरीर असणारच, देव आत्मा असला तरी. (माणसासारखं शरीर असं त्याला म्हणायचं नव्हतं, पण तरी.) ऑगस्टीनसारखा बुद्धिमान माणूस, त्याला तरुणपणी वाटायचं की ख्रिस्ती लोक देवाला माणसाच्या आकाराचा मानतात, आणि त्यामुळं तो लांबच राहिला, मग मिलानमध्ये अँब्रोज बिशपांची प्रवचनं ऐकून त्याला कळलं की तसं नाही, आणि ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे तुम्हाला पडलेल्या प्रश्नात ऑगस्टीनची काही वर्षं गेलीत.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो इजिप्तच्या वाळवंटातला एक म्हातारा साधू, सेरापियन. ३९९ साली अलेक्झांड्रियाच्या बिशपांचं पत्र आश्रमांत आलं की देवाला माणसासारखं शरीर आहे ही समजूत चूक आहे. कितीतरी साधू खवळले. हा सेरापियन आयुष्यभर तपश्चर्या केलेला, सगळ्यांना आदर असलेला, पण मनात देवाचं मानवी रूप धरूनच प्रार्थना करायचा. एका शिकलेल्या डिकननं, म्हणजे मंडळीच्या सेवकानं, त्याला शास्त्रातून नीट समजावलं, त्याला पटलं, सगळ्यांना आनंद झाला, आणि सगळे प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा म्हातारा जमिनीवर कोसळून रडायला लागला की माझा देव त्यांनी नेला, आता धरू कुणाला, कुणाची भक्ती करू कळत नाही. तिथं हजर असलेल्या कॅसियन नावाच्या साधूनं हे लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत आहे. डिकन बरोबर होता. सगळं बरोबर सांगितलं त्यानं. आणि तरी एक म्हातारा माणूस रिकाम्या हातानं रडत बसला.

मी हीच चूक केलीय. नवीनच सेमिनरीतून आलो होतो, मिरजेत एका घरी घरप्रार्थना होती, तिथं एक आजी होत्या, जन्मभर दवाखान्यात आयाचं काम केलेल्या, हात धुण्याच्या औषधानं कायमचे भेगाळलेले. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायच्या वेळी, त्या म्हणाल्या की मी रातच्याला निजताना हात असा उशीजवळ उघडा ठिवते, देव धरतोय, मग झोप लागती. आणि मी, सगळ्यांसमोर, गोड बोलूनच पण म्हणालो की आजी, देव आत्मा आहे, त्याला हात नसतात, ही आपली बोलायची पद्धत आहे. त्या "बरं" म्हणाल्या. पुढचे बरेच आठवडे प्रार्थनेत त्यांनी तोंड उघडलं नाही, मला वाटलं तब्येत बरी नसेल. मग एक दिवस त्यांच्या सूनबाई बाजूला घेऊन म्हणाल्या, पाळकसाहेब, आत्याबाई आता हात गोधडीच्या आत घेऊन झोपतात आणि रात्रभर जाग्याच असतात. सेरापियनची गोष्ट मी सेमिनरीत वाचली होती हो, परीक्षेत लिहिलीही असेल.

तेव्हापासून मी ठरवलं की "देवाला हात नाहीत" हे वाक्य एकटं सोडायचं नाही. त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी द्यायचं, आणि ते दुसरं काय हे भावनांकडून गेल्याशिवाय नीट सांगता येत नाही.

जाता जाता दोन छोट्या शंका, कारण त्या येणारच. दानिएलाला दृष्टांतात पांढऱ्या केसांचा पुराणपुरुष दिसला, मोशेला देवाची पाठ दिसली, अब्राहामाकडं तीन पाहुणे आले, याकोबानं रात्रभर झोंबी केली, मग हे काय? तर देव आपल्याला दिसेल असं काही रूप त्या त्या वेळेपुरतं घेतो किंवा दाखवतो, ते त्याचं कायमचं शरीर नाही, आणि मोशेच्या त्याच अध्यायात म्हटलंय की माझं मुख पाहून माणूस जगणार नाही. दाढीवाल्या म्हाताऱ्याची चित्रं, व्हॅटिकनमधल्या त्या छतावरचं मायकेलअँजेलोचं प्रसिद्ध चित्र धरून, ही सगळी दानिएलाच्या त्या दृष्टांताची नातवंडं. आणि शास्त्र म्हणतं माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, म्हणजे देवालाही आपल्यासारखे नाक-डोळे असा अर्थ नाही, पौल ते प्रतिरूप नीतिमत्त्व, पवित्रता, ज्ञान यांच्याशी जोडतो. बास, पुढं जाऊ.

आता भावना. इथं मला हळू जावं लागतं. पहिल्या शमुवेलच्या १५ व्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट आहे. देव म्हणतो शौलाला राजा केलं याचा मला अनुताप होतोय. थोडं पुढं शमुवेल संदेष्टा म्हणतो की देव माणूस नाही, त्याला अनुताप होत नाही. आणि अध्याय संपताना परत, देवाला अनुताप झाला. एकाच अध्यायात, मूळ हिब्रूतही तिन्हीकडं तोच शब्द. लिहिणाऱ्याला विसंगती दिसली नसेल असं मला वाटत नाही, त्यानं ते मुद्दाम शेजारी ठेवलंय. त्याचं म्हणणं असं की शौल बिघडला याचं देवाला सोयरसुतक नाही असं समजू नका, आणि देव आपल्यासारखा सकाळी एक संध्याकाळी एक असंही समजू नका.

जुन्या मंडळीनं हीच गोष्ट आपल्या भाषेत मांडली. इंग्लंडच्या मंडळीची सोळाव्या शतकातली श्रद्धेची कलमं असोत का १६४६ ची वेस्टमिन्स्टरची, त्यात देव शरीररहित, अवयवरहित आणि विकाररहित आहे असं म्हटलंय. हा "विकार" शब्द नीट समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर देव दगड वाटायला लागतो. विकार म्हणजे जे आपल्यावर येऊन आदळतं आणि आपल्याला ओढून नेतं. माझंच बघा, दुपारचं जेवण चुकलं, बीपीची गोळी राहिली, की घरात माझा आवाज चढतो, मुलगा काही चुकलेला नसतो. तो राग न्यायानं आलेला नसतो, साखर कमी झाल्यानं आलेला असतो. देवाला असं होत नाही, तो कधी भुकेनं चिडत नाही, कंटाळून प्रेम कमी करत नाही, भीतीनं घाई करत नाही. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस हेच सांगतो की ज्या भावनांना शरीर लागतं, छातीत धडधड, रक्त तापणं, त्या देवात नाहीत, पण प्रेम आणि आनंद आहेत, कारण दुसऱ्याचं भलं इच्छिणं याला शरीर लागत नाही.

वॉर्डात एक म्हातारी सिस्टर होत्या, त्यांच्यावरून मला हे थोडं समजतं. पेशंटची आई किंचाळून पडायची, बाप भिंतीवर डोकं आपटायचा, आणि सिस्टर एका हातानं सलाईन लावायच्या आणि दुसऱ्या हातानं पोराचा हात धरून ठेवायच्या, चेहरा हलायचा नाही. नवीन नातेवाईकांना वाटायचं काय दगडाच्या काळजाची बाई आहे. ड्युटी संपली तरी ती बाई घरी जायची नाही हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं. तिची माया स्थिर होती म्हणून कामाला आली. ही उपमा लंगडी आहे, मला माहीत आहे, सिस्टरही शेवटी थकायच्या. पण "देव विकाररहित" हे वाचून तुमच्या डोळ्यापुढं बर्फ येत असेल तर त्याऐवजी ही बाई आणा.

काहीजणांना हे उत्तर पुरत नाही, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. युद्धानंतर १९४६ साली जपानमध्ये किटामोरी नावाच्या धर्मपंडितानं देवाच्या वेदनेबद्दल लिहिलं, जर्मनीत बॉनहोफरनं हिटलरच्या तुरुंगातून लिहिलं की दुःख सोसणारा देवच आपल्याला मदत करू शकतो, पुढं मोल्टमननं ते आणखी ठासून मांडलं. ते म्हणतात की ज्याला दुखतच नाही त्याला प्रेम काय कळणार. माझा कल जुन्या बाजूकडं आहे, कारण बुडणाऱ्याला बरोबर बुडणारा नको असतो. पण होशेयाचा ११ वा अध्याय वाचला की माझं मत मलाच अपुरं वाटतं. तिथं देव एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, म्हणतो की तुला मी कसा सोडून देऊ, माझ्या आत कालवाकालव होतेय, आणि लगेच पुढं, कारण मी देव आहे, माणूस नाही. माणूस असतो तर रागानं नाश करून मोकळा झालो असतो असा त्याचा अर्थ. म्हणजे देव माणूस नाही यावरून त्याला कमी वाटतं असं निघत नाही, आपल्यापेक्षा जास्त वाटतं आणि ते टिकतं असं निघतं. हिब्रूत दया हा शब्द आईच्या गर्भाशयाच्या शब्दावरून आलाय. शुभवर्तमानात येशूला लोकांचा कळवळा आला असं जिथं आहे तिथला ग्रीक शब्द आतड्यावरून आलाय. आतडं तुटणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रागाचं मात्र वेगळं बोलायला पाहिजे, कारण त्यानं लोकांचं फार नुकसान केलेलं मी पाहिलंय. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. शाळेतल्या छावणीत आम्ही जेवण वाटत होतो. पाणी उतरल्यावर आमच्यातला एकजण घरून शास्त्र घेऊन आला, पानं गाळानं चिकटलेली, पिवळट चिखलाचा वास, आम्ही दोघं शाळेच्या गच्चीवर एकेक पान सुरीनं सोडवत वाळत घालत होतो आणि तो खाली बघतच म्हणाला, "देव एवढा चिडलाय का हो आमच्यावर?" कुणीतरी प्रचारक येऊन तसं सांगून गेला होता. मी त्याला लूकचा १३ वा अध्याय सांगितला. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, आणि येशूनं लोकांना विचारलं की ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच सांगितलं, नाही. देवाचा राग शास्त्रात आहे, मी तो पुसणार नाही. पण तो विधवेचं शेत लुबाडणाऱ्यावर, खोट्या मापावर, निष्पाप रक्तावर आहे, ठाम आणि न बदलणारा. नदीकाठच्या गरिबावर अचानक उसळणारा चिडका स्वभाव तो नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, देव निराकार आहे, त्याचे हात-डोळे ही आपल्यासाठी वाकून केलेली भाषा आहे, त्याला लहर नाही पण प्रेम आहे, आणि ते प्रेम समजूत घालण्यापुरतं नाही. तुमच्या मनात सगुण-निर्गुण हे शब्द आले असतील, आपल्या मातीतलेच आहेत. फरक एवढाच लक्षात ठेवा की आम्ही देवाला निराकार म्हणतो, निर्गुण म्हणत नाही. दया, न्याय, सत्य हे गुण त्याचे स्वतःचे आहेत, आपण त्याला चिकटवलेले नाहीत.

आणि आता ते दुसरं, जे मी आजींना द्यायला विसरलो होतो. ख्रिस्ती श्रद्धेचं शरीराबद्दलचं उत्तर "नाही" वर संपतच नाही. देवाला स्वभावतः शरीर नाही, पण देवाच्या पुत्रानं, येशूनं, ते घेतलं. मरियेच्या पोटी, खरंखुरं, भूक लागणारं, थकून होडीत झोपणारं. सुरुवातीच्या काळात काहीजण म्हणाले की नुसता भास होता, मंडळीनं ते फेटाळलं, आणि ४५१ साली खाल्सेदोनच्या परिषदेत, आजच्या इस्तंबूलमध्ये, स्पष्ट लिहिलं की येशू ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकच व्यक्ती. म्हणून मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी "येशू रडला" असं योहान लिहितो तेव्हा ती बोबडी भाषा नाही, तिथं खरोखर गालावरून पाणी आलंय. पाच मिनिटांनी आपण त्याला उठवणार हे माहीत असूनही आलंय. गेथशेमाने बागेत त्याचा जीव मरणाइतका खिन्न झाला. ते सगळं कुणाला झालं, तर जो पित्यापासून आहे त्यालाच, आपल्या माणूसपणात. आमच्या ना. वा. टिळकांनी त्याला माउली म्हटलं ते उगाच नाही. आणि ते शरीर त्यानं काम झाल्यावर उतरवून ठेवलं नाही, उठल्यानंतरही शरीरच आहे, आणि तसाच तो वर गेला.

म्हणून तुमच्या सहकाऱ्याच्या घरातल्या प्रार्थनेत जे "तुलाही कळवळा येतो" म्हटलं गेलं ते पाळकांनी तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. तुमचा सहकारी परत कामावर येईल तेव्हा त्याला या सगळ्यातलं काही सांगायची गरज नाही. त्याच्या वडिलांबद्दल विचारा, बोलू द्या.

त्या आजींचं राहिलं. वर्ष-दीड वर्षानं त्या ॲडमिट झाल्या, मी संध्याकाळी वॉर्डात गेलो, योहानाचा २० वा अध्याय वाचला. थोमा म्हणतो मी खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, आणि येशू येऊन त्याला म्हणतो, माझे हात पाहा. मी वाचून थांबलो. त्या डोळे मिटून होत्या, वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे हात हायत."

"आहेत आजी. वणांसकट."

"मग तवा न्हाईत असं का म्हनलासा?"

मी काही बोललो नाही. त्यांनी गोधडीतून हात बाहेर काढला आणि तळवा वर करून उशीजवळ ठेवला.